चित्रपट-निर्मितीच्या करसवलती आणि ‘स्थानिक’ लाभ : मलकापूरच्या संदर्भात एक परीक्षण

१

चित्रपटांच्या व दूरचित्रवाणी-मालिकांच्या निर्मात्यांस करात सूट दिली अथवा त्यांच्या खर्चाचा काही अंश सरकारी तिजोरीतून परत केला, तर त्या प्रदेशाचे अर्थकारण संपन्न होते, हे विधान अलीकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा पुरावा मागणे हेच अनेकांस कलाद्वेषाचे लक्षण वाटावे. परंतु विधान लोकप्रिय असले म्हणजे ते सिद्ध झाले असे होत नाही. ह्या विधानात तीन पदे आहेत : सवलत, लाभ आणि स्थानिक. पैकी पहिल्या दोन पदांची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी व व्यवसायातील मंडळींनी पुष्कळ केली आहे. तिसरे पद मात्र सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. ‘स्थानिक’ म्हणजे नेमके कोठले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वादाचा निकाल बव्हंशी ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे प्रस्तुत परीक्षणाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न गोरेगावात किंवा कोल्हापुरात उभे राहून विचारला तर त्याचे उत्तर अनुकूल येणार हे उघड आहे, कारण चित्रपट तेथे तयार होतो. परंतु चित्रपटाचे अर्थकारण केवळ निर्मितीच्या गावी घडत नाही. ज्या शेकडो गावी तो पाहिला जातो तेथील तिकीटखिडकीवर त्याच्या पैशाचा उगम होतो. ह्या दुसऱ्या प्रकारच्या गावांचे उदाहरण म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर येथे घेतले आहे. वऱ्हाडच्या पश्चिम सीमेवर, खानदेशास लागून असलेले हे तालुक्याचे गाव भुसावळ–नागपूर लोहमार्गावर व धुळ्याकडून नागपुराकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. कापसाची बाजारपेठ ही त्याची जुनी ओळख होय. चित्रपट-निर्मितीचे केंद्र म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि म्हणूनच सवलतीच्या धोरणाची परीक्षा घेण्यास ते योग्य ठिकाण आहे. कारण ‘प्रदेशाचा लाभ’ ह्या शब्दाखाली ज्यांचा समावेश होतो, परंतु ज्यांच्या वाट्याला काय येते ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही, अशा गावांचे ते प्रतिनिधी आहे.

२

सवलतीचा विचार करण्यापूर्वी ज्या करातून ती द्यावयाची त्याचा थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. करमणूक कर हे मूळचे युद्धकालीन अपत्य होय. पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९१६ मध्ये ब्रिटनने तो बसविला आणि १९६० मध्ये तेथे तो रद्दही झाला. भारतात बंगालने १९२२ मध्ये व मुंबई इलाख्याने १९२३ मध्ये त्याचे कायदे केले. मलकापूर त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते. मध्यप्रांत व वऱ्हाडचा ह्या विषयावरील कायदा १९३६ चा आहे. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि कालांतराने मुंबईचा कायदा ह्या भागासही लागू झाला.

स्वातंत्र्यानंतर प्रांतोप्रांतीच्या सरकारांनी ह्या कराचे दर वाढवीत नेले. त्याच्या निषेधार्थ ३० जून १९४९ रोजी देशभरातील चित्रपटगृहे बंद ठेवण्यात आली होती. त्याच वर्षी स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल सादर केला आणि कराच्या भाराची त्यात विस्ताराने चर्चा केली. राज्यघटनेनुसार हा कर राज्यांचा विषय होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर अमलात आला आणि करमणूक कर त्यात विलीन झाला. पंचायती व नगरपालिका यांनी बसवावयाच्या करमणूक करापुरतीच जागा घटनादुरुस्तीने शिल्लक ठेवली. आरंभी शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के व त्यावरील तिकिटावर २८ टक्के असा दर होता. १ जानेवारी २०१९ पासून तो अनुक्रमे १२ व १८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील दर ५ टक्क्यांवर आला.

ह्या इतिहासातून ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, कर भरणारा अखेरीस प्रेक्षक असतो आणि प्रेक्षक सर्वत्र विखुरलेला असतो. निर्माता मात्र थोड्या ठिकाणी एकवटलेला असतो. तेव्हा करातून निर्मात्यास दिलेली कोणतीही सवलत ही स्वभावतःच विखुरलेल्या गावांकडून एकवटलेल्या केंद्राकडे होणारे धनाचे स्थलांतर होय. हे स्थलांतर इष्ट असू शकेल. पण ते स्थलांतर आहे हे आधी मान्य केले पाहिजे.

३

महाराष्ट्रात आजवर दिल्या गेलेल्या सवलतींचे ह्या दृष्टीने चार प्रकार संभवतात. त्यांना एकाच नावाने संबोधिले जात असल्याने चर्चेत गोंधळ माजतो.

पहिला प्रकार प्रेक्षकाच्या सवलतीचा. मराठी चित्रपट वस्तू व सेवा करापूर्वीच्या काळात करमणूक करातून मुक्त होते. विशिष्ट चित्रपट ‘करमुक्त’ घोषित करण्याचा प्रघातही ह्याच जातीचा आहे. जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी’ ह्या हिंदी चित्रपटास महाराष्ट्र शासनाने राज्याच्या वाट्याच्या करातून अशी सूट दिली. तिकिटाचा दर खरोखर उतरला तर ह्या सवलतीचे पैसे मलकापूरच्या प्रेक्षकाच्याच खिशात राहतात. दर न उतरला तर ते चित्रपटगृहाचा मालक, वितरक व निर्माता यांच्यात वाटले जातात. कसेही झाले तरी त्यातील काही अंश गावात उरण्याची शक्यता असते.

दुसरा प्रकार निर्मात्यास परताव्याचा. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना सुरू केली. एका मराठी चित्रपटावर जमा झालेला कर त्याच्या निर्मात्यास पुढील मराठी चित्रपटासाठी परत मिळावा, असे तिचे सूत्र होते. मराठी चित्रपट त्या काळी क्षीण अवस्थेत होता आणि ह्या योजनेने त्यास आधार दिला हे निर्विवाद आहे. परंतु पैशाचा मार्ग पाहिला असता असे दिसते की, मलकापूरच्या प्रेक्षकाने तिकिटावर पूर्ण कर भरावयाचा, तो जिल्ह्याच्या कोषागारातून राज्याकडे जावयाचा आणि तेथून मुंबई, पुणे वा कोल्हापूर येथील निर्मात्याच्या हाती पडावयाचा. पहिल्या प्रकारात जो पैसा गावात राहू शकला असता तोच दुसऱ्या प्रकारात गावाबाहेर जातो. दोन्ही प्रकारांस ‘मराठी चित्रपटास करसवलत’ असेच म्हटले जाते, आणि तेथेच फसगत होते.

ह्या परताव्याच्या जागी पुढे अनुदानाची पद्धत आली. गुणांकनानुसार ‘अ’ दर्जाच्या चित्रपटास ४० लाख व ‘ब’ दर्जाच्या चित्रपटास ३० लाख रुपये अशी तिची रचना राहिली. येथे पैसा तिकिटाशी बांधलेला नाही, तो सर्वसाधारण महसुलातून येतो. तथापि गुणांकन चित्रपटाच्या दर्जाचे होते; तो कोणत्या तालुक्यात घडला व कोणाच्या मजुरीवर घडला, ह्याचे नव्हे. सांस्कृतिक धोरण म्हणून ते योग्यच आहे. मात्र त्यास प्रादेशिक विकासाचे धोरण म्हणणे योग्य नव्हे.

तिसरा प्रकार चित्रपटगृहाच्या सवलतीचा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राने बहुपडदा चित्रपटगृहांस पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला व पुढील दोन वर्षे तो चतुर्थांशच घेतला. तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृह ह्या सवलतीच्या व्याख्येतच बसत नव्हते. गुंतवणूक मोठ्या शहरांत वाढली. परंतु तालुक्याचा प्रेक्षक तिकिटामागे कर देत राहिला आणि महानगराचे नवे चित्रपटगृह तो प्रेक्षकाकडून घेऊन स्वतःकडे ठेवू शकले.

चौथा प्रकार निर्मिती-खर्चाच्या अंशतः परताव्याचा. जगभर आज हाच अधिक प्रचलित आहे. भारत सरकारने २०२२ मध्ये परदेशी निर्मात्यांसाठी भारतातील खर्चाच्या ३० टक्के, कमाल २ कोटी रुपये, असा परतावा जाहीर केला व नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ४० टक्के व कमाल ३० कोटी रुपये इतका वाढविला. १५ टक्के वा अधिक भारतीय मनुष्यबळ घेतल्यास अधिक लाभाची तरतूदही मूळ योजनेत होती. येथे ‘स्थानिक’ ह्याचा अर्थ ‘भारतीय’ असा आहे. राज्यांच्या योजनांत त्याचा अर्थ ‘राज्यातील’ असा होतो. गाव वा तालुका ही पायरी ह्या उतरंडीत क्वचितच येते.

४

सवलतीचे समर्थक म्हणतील की, निर्मितीचे केंद्र एकदा उभे राहिले की त्याचा लाभ हळूहळू सर्वत्र झिरपतो, आणि केंद्र उभे राहण्यास सवलत लागते. ह्या म्हणण्याची परीक्षा मराठी चित्रपटाच्या इतिहासानेच घेता येते.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित केल्यावर आपला व्यवसाय नाशिकास नेला. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली. तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी तेथेच प्रभात फिल्म कंपनी काढली. कोल्हापूर चित्रपटाचे गाव झाले ते संस्थानी आश्रयाने आणि त्याहूनही अधिक तेथील हातांच्या कसबाने. पडदे रंगविणारे चित्रकार, सुतार, लोहार, शिंपी, तालमीतले मल्ल आणि गाणारे-वाजविणारे तेथे आधीच होते. बाबुराव पेंटरांनी कॅमेरा तेथेच तयार केला, ही गोष्ट ह्या कसबाची साक्ष देते. मुख्य म्हणजे कंपनी महिन्याच्या पगारावर माणसे ठेवी. ती माणसे गावात राहत, गावात खर्च करीत आणि मुलांना धंदा शिकवीत. स्थानिक लाभ ह्यास म्हणावे.

परंतु ह्याच इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. १९३३ मध्ये प्रभातने आपला कारभार पुण्यास हलविला आणि कोल्हापुरातील उत्पन्नाचा एक मोठा प्रवाह एका निर्णयासरशी वळला. १९५० च्या दशकात प्रभातही बंद पडली. तिच्या जागेत १९६० मध्ये सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली. पगारी स्टुडिओंची व्यवस्था मोडून कंत्राटी निर्मितीची व्यवस्था आली आणि सर्व कसब मुंबईत गोळा झाले. १९७७ मध्ये गोरेगावची चित्रनगरी उभी राहिली ती ह्या एकत्रीकरणावर शिक्कामोर्तब करणारी ठरली. उलटपक्षी कोल्हापूरजवळ मोरेवाडी येथे उभारलेली चित्रनगरी दीर्घकाळ ओस राहिली व तिचे पुनरुज्जीवन पुष्कळ नंतर करावे लागले. जमीन, इमारत व सरकारी सद्भाव ही तिन्ही असूनही जेथे नित्य काम करणारी माणसे वस्तीला नाहीत तेथे चित्रनगरी म्हणजे केवळ भिंती होत. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

५

आता मलकापुरात एखाद्या चित्रपटाचे चित्रीकरण होणार आहे व त्यास खर्चाच्या परताव्याची सवलत मिळणार आहे, अशी कल्पना करून हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत.

समजा, निर्मात्याने खर्च केलेल्या दर १०० रुपयांमागे सरकार २५ रुपये परत देते. सरकारला उत्पन्नाच्या दर १०० रुपयांमागे सर्व करांतून १० रुपये मिळतात असे धरले, तर दिलेले २५ रुपये वसूल होण्यास २५० रुपयांचे नवे उत्पन्न निर्माण व्हावे लागेल. म्हणजे १०० रुपयांच्या खर्चातून अडीचपट उत्पन्न निघावयास हवे, आणि तेही सवलत नसती तर मुळीच निघाले नसते असे. जो निर्माता कथेच्या गरजेने मलकापुरास येणारच होता त्याला दिलेली सवलत ही निव्वळ देणगी होय.

अडीचपट उत्पन्न तालुक्याच्या गावी निघेल काय? खर्चाच्या १०० रुपयांतून प्रमुख नटांचे मानधन, दिग्दर्शक व तंत्रज्ञांचे वेतन, कॅमेऱ्याचे व दिव्यांचे भाडे, संकलन व ध्वनिमुद्रण हा सर्व भाग मुंबईकडे जातो. गावात उरतात ते लॉजचे भाडे, जेवणावळीचा खर्च, जीप-टेम्पोंचे भाडे, मंडप-बिछायतीचे व जनरेटरचे पैसे, सुतार-रंगाऱ्यांची मजुरी आणि गर्दीच्या प्रसंगातील माणसांची रोजंदारी. हा भाग उदारपणे ४० रुपये धरू. त्यातील एकतृतीयांश पुन्हा गावातच खर्च होतो व त्याचा पुन्हा एकतृतीयांश, असे चालत राहिले तर गुणकाच्या नियमाने एकूण स्थानिक उत्पन्न ६० रुपये होते. २५० कोठे आणि ६० कोठे! गावाच्या दृष्टीने हे ६० रुपये लाभच आहेत. परंतु राज्याच्या दृष्टीने तो लाभ इतर गावांच्या महसुलातून विकत घेतलेला आहे. मोताळ्याने व नांदुऱ्याने भरलेल्या करातून मलकापूरच्या लॉजमालकास मिळालेले पैसे हे स्थलांतर आहे, निर्मिती नव्हे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

आणखी एक बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. पूर्वी गावात येणाऱ्या मालावर नगरपरिषदेस जकात मिळे. १९९९ मध्ये नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात रद्द झाली. १९६५ च्या नगरपरिषद-कायद्याने चित्रपटगृहे, सर्कशी व अन्य खेळ यांवरील कराचा अधिकार नगरपरिषदांस दिला. परंतु तो प्रदर्शनावर आहे, चित्रीकरणावर नव्हे. सारांश, चित्रीकरणाने रस्ते अडतील, पाणी लागेल, बंदोबस्त लागेल, त्याचा भार गावच्या संस्थेवर. आणि वाढीव उलाढालीवरील कर मात्र राज्याच्या व केंद्राच्या तिजोरीत.

६

परदेशांतील अनुभव ह्याहून निराळा नाही, मात्र तो अधिक सविस्तर नोंदलेला आहे. ब्रिटनने १९५० पासून तिकिटांवर एक विशेष आकार बसवून तो ब्रिटिश चित्रपटांच्या निर्मात्यांस त्यांच्या प्राप्तीच्या प्रमाणात वाटण्याची योजना चालविली. १९५७ मध्ये तिला कायद्याचे रूप आले व १९८५ मध्ये ती संपली. महाराष्ट्राच्या १९७५ च्या योजनेशी तिचे साम्य सहज दिसून येते. परंतु ‘ब्रिटिश’ ह्या शब्दाची व्याख्या सैल असल्याने १९६० च्या दशकात त्या निधीचा मोठा भाग अमेरिकन भांडवलावर ब्रिटनमध्ये काढलेल्या चित्रपटांकडे गेला. ‘स्थानिक’ शब्दाची व्याख्या न केल्यास काय होते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

अमेरिकेत लुइझियाना राज्याने २००२ मध्ये अशा सवलतीस जोराची चालना दिल्यावर इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. चित्रपट-कंपनीचा त्या राज्यातील प्राप्तिकर अल्पच असतो. म्हणून सवलतीची रक्कम तिच्या करापेक्षा अधिक झाल्यास ती रोख देण्याची वा दुसऱ्या करदात्यास विकण्याची मुभा दिली गेली. ह्यास ‘करसवलत’ म्हणणे भाषेची ओढाताण होय, ते अनुदानच आहे. मिशिगनने २००८ मध्ये खर्चाच्या ४० टक्क्यांहून अधिक परतावा देऊ केला व २०१५ मध्ये तो बंद केला. जॉर्जिया राज्याचे उदाहरण समर्थक हिरिरीने देतात, आणि ते देण्यासारखे आहेही. तेथे २००८ नंतर मोठे कायमचे स्टुडिओ उभे राहिले व कारागिरांची वस्ती वाढली. तथापि त्याच राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये असा निष्कर्ष काढला की, ह्या सवलतीचा आर्थिक लाभ फुगवून सांगितला गेला आहे.

अर्थशास्त्रज्ञांच्या अनेक चिकित्सांचा कौलही बव्हंशी प्रतिकूल आहे. पॅट्रिक बटन यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सवलतींमुळे दूरचित्रवाणी-मालिकांची निर्मिती काहीशी वाढल्याचे, परंतु चित्रपट-उद्योगातील रोजगारावर लक्षणीय परिणाम न झाल्याचे आढळले. चित्रपट व मालिका यांतील हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण महाराष्ट्रातही तो प्रत्ययास येतो.

७

साताऱ्यातील वाई व लगतचे मेणवली येथे ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘दबंग’ (२०१०) इत्यादी हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण झाले. कृष्णेचा घाट, जुने वाडे व मुंबईशी जवळीक ह्या गोष्टी त्यांना तेथे घेऊन आल्या. तेथील लोकांस त्यातून उत्पन्न मिळाले, पण ते पाहुण्यांच्या मुक्कामाइतकेच दीर्घ. दूरचित्रवाणी-मालिकेचा मुक्काम निराळा असतो. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ ते २०२१ ह्या काळात चालली व तिचे चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावी होत होते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही २०१६ ची मालिका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथे चित्रित झाली. जेथे काम महिनोन्महिने चालते तेथे घराचे भाडे, रोजचे जेवण, वाहने व किरकोळ भूमिका यांचे उत्पन्न हंगामी न राहता नियमित होते आणि स्थानिक मंडळींस धंद्याचे शिक्षणही मिळते.

ह्या मालिकांच्या कथांस कोल्हापुरी व मालवणी बोली आणि त्या बोलीचा परिसर हवा होता. हाच मुद्दा मलकापूरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. घाट, वाडे व डोंगर हे दुसरीकडेही असतात अथवा गोरेगावात उभारता येतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अद्वितीय आहे. पण ते संरक्षित क्षेत्र असून २०२० मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे. त्याचा उपयोग चित्रीकरणाची मोकळी जागा म्हणून करणे इष्ट नाही. जी वस्तू अन्यत्र नेता येत नाही ती म्हणजे वऱ्हाडी बोली व ती सहज बोलणारे नट. ज्या कथेस ती लागेल ती कथा सवलतीविनाही ह्या भागात येईल. आणि जीस ती लागत नाही ती सवलत संपताच निघून जाईल.

८

मलकापूरच्या बाजूचा एक हिशेब अद्याप मांडावयाचा राहिला आहे, आणि तो निर्मितीचा नसून वितरणाचा व प्रदर्शनाचा आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड नावाचा प्रांत नकाशावरून गेला, परंतु चित्रपट-व्यवसायाने ‘सी. पी. बेरार’ हा आपला विभाग पुढेही चालू ठेवला. मध्यवर्ती विभागातील वितरक व चित्रपटगृहचालक यांच्या संघटनेचे मुख्य ठाणे भुसावळ येथे, मलकापुरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. रिळांच्या पेट्या लोहमार्गाने येत-जात तेव्हा ह्या पट्ट्यातील चित्रपटाचे अर्थकारण म्हणजे वितरकाचा कारकून, पेट्या वाहणारे हमाल, यंत्रचालक, दारावरचे नोकर, भित्तिपत्रके चिकटविणारे, भोंगा लावून गावभर जाहिरात करणारे, सायकल-स्टँडवाले आणि मध्यंतरातील चहा-भज्यांचे गाडे असे होते. हे उत्पन्न लहान, पण वर्षाचे बारा महिने चालणारे होते, आणि त्याची मुळे गावातच होती. उपग्रहाद्वारे चित्रपट थेट चित्रपटगृहात पोहोचू लागल्यावर रिळांच्या पेट्या गेल्या. घरबसल्या चित्रपट पाहण्याची सोय झाल्यावर प्रेक्षक विरळ झाला. ह्या रोजगाराच्या ऱ्हासाची भरपाई करणारी सवलत कोणत्याही निर्मिती-योजनेत आढळत नाही.

वऱ्हाडातील वाचकास ह्यात एक जुनी ओळख पटेल. कापूस येथे पिकतो, जिनात त्याची सरकी निघते, प्रेसमध्ये गाठ बांधली जाते आणि गाठ लोहमार्गाने निघून जाते. सूत, कापड व त्यावरील नफा दुसरीकडे होतो. तिकिटाच्या पैशाचेही तेच झाले. कापसाच्या बाबतीत ह्या व्यवस्थेविरुद्ध विदर्भाने पिढ्यान्‌पिढ्या तक्रार केली आहे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र तीच व्यवस्था ‘उद्योगास उत्तेजन’ ह्या नावाने निमूटपणे स्वीकारली जाते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, मराठी चित्रपट हा केवळ व्यापार नसून भाषेचे व संस्कृतीचे साधन आहे आणि त्याचा हिशेब रुपये-आण्यांत मांडणे कोतेपणाचे आहे. आक्षेप सार्थ आहे, किंबहुना तोच सवलतीचा खरा आधार होय. मलकापूरच्या प्रेक्षकास आपल्या भाषेत चांगला चित्रपट पाहावयास मिळणे हा त्याचा लाभच आहे, आणि त्यासाठी तो थोडा कर आनंदाने देईल. परंतु मग समर्थकांनी युक्तिवाद बदलला पाहिजे. संस्कृतीसाठी मागावयाचे आणि रोजगाराचे आकडे दाखवावयाचे, असे दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. शिवाय भाषेच्या नावावर करात भेद करण्यास घटनेच्याही मर्यादा आहेत. तेलुगू नसलेल्या चित्रपटांवर आंध्र प्रदेशाने बसविलेला अधिक दराचा कर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वावर रद्दबातल ठरविला. यास्तव सांस्कृतिक साहाय्य द्यावयाचे ते उघड अनुदान म्हणून, दर्जाच्या कसोटीवर व अर्थसंकल्पात दिसेल अशा रीतीने देणे हेच श्रेयस्कर.

आणि सवलत प्रादेशिक विकासासाठीच द्यावयाची असेल तर तिच्या अटी त्या हेतूस साजेशा असाव्यात. परतावा एकूण खर्चावर न देता त्या तालुक्यात राहणाऱ्या माणसांस दिलेल्या मजुरीवर द्यावा. थोड्या दिवसांच्या चित्रीकरणापेक्षा दीर्घकाळ चालणाऱ्या कामास अधिक द्यावा. दिलेल्या रकमेचा तालुकावार हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा, म्हणजे ‘प्रदेशाचा लाभ’ हा शब्द कोणत्या गावी जाऊन थांबतो हे सर्वांस दिसेल. आणि चित्रपटाच्या नावे कर सोडावयाचाच असेल, तर निर्मितीच्या केंद्रांआधी तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहाचा विचार व्हावा. कारण तेथे सोडलेला रुपया निदान त्याच गावात फिरण्याची शक्यता आहे.

सवलतीने स्थानिक अर्थकारणास लाभ होतो काय, ह्या प्रश्नास ‘होतो’ किंवा ‘होत नाही’ असे एकेरी उत्तर नाही. जेथे कसब वस्तीला आहे व काम नित्य चालते तेथे तो होतो, आणि तेथे बहुधा सवलतीची निकड कमी असते. जेथे निकड अधिक तेथे तो टिकत नाही. मलकापूरसारख्या गावाने ह्या व्यवहारात आजवर मुख्यतः देणाऱ्याची भूमिका केली आहे. ती त्याने पुढेही करावी असे कोणास वाटत असल्यास त्यास हरकत नाही. मात्र देणाऱ्याचे नाव घेणाऱ्यांच्या यादीत लिहू नये.